देवी कुरियरनं जात नाही

रुचिर फोनवर म्हणाला, "बाबा, मुखवटे कुरियर करून टाका ना. दोन दिवसांत येतात."

"कोणते मुखवटे?"

"महालक्ष्म्यांचे. आई म्हणतेय, यंदा इथंच बसवू. सगळे इथंच तर आहोत."

सगळे! हा शब्द माझ्या पोरानं पुण्याच्या फ्लॅटमधून उज्जैनला, माधव नगरातल्या घरात एकट्या बसलेल्या बापाला ऐकवला. त्या सगळ्यांत मी नव्हतो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मुद्दाम बोलला असता तर शाबासकी दिली असती. निदान डोकं वापरलं म्हणून.

"देवी कुरियरनं जात नाही," असं म्हणून मी फोन आपटला.

वर्ष कसं गेलं ते आधी सांगतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा उगाच भडकतो. बँकेत कॉम्प्युटर आले तसं आमच्यासारख्यांना बोलावून सांगितलं, स्वेच्छानिवृत्ती घ्या. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. हार घातला, शाल दिली आणि हातात खरोखरचा नारळ ठेवला. मराठीत नारळ देणं म्हणजे काय हे त्या भोपाळच्या साहेबाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी तो नारळ टावर चौकातल्या रिक्षावाल्याला देऊन टाकला.

मग खाजगी विम्याचं काम धरलं. सकाळी बस पकडायची, आज देवास, उद्या शाजापूर, परवा आगर. ज्यांच्या पासबुकात मी तीस वर्षं शिक्के मारले, त्यांच्याच दारात बॅग घेऊन उभा राहायचो. ते चहा पाजायचे, "बाबूजी, आप तो बड़े आदमी थे" म्हणायचे, आणि सही करायची वेळ आली की त्यांची म्हैस आजारी पडायची. उन्हाळा संपायच्या आत बॅग माळ्यावर गेली.

तोवर घर रिकामं व्हायला लागलं होतं. रुचिर आधी हैदराबादला गेला, मग पुण्याला, सॉफ्टवेअरमध्ये. पाठोपाठ सायलीही तिथंच गेली. रात्रभर जागून अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी. घरात बापाची एक तक्रार ऐकायला तिला कधी वेळ झाला नव्हता. आणि जूनमध्ये त्यांची आई, माझी सुलभा, पंधरा दिवसांसाठी गेली. पोरांचं घर लावून देते म्हणाली. घर लागलं. ती परत आली नाही. त्याच इमारतीत कुणाच्या पाळणाघरात तिला काम मिळालं. म्हणे तिला तिथं सुलभाताई म्हणतात.

"उज्जैनमध्ये सगळा जन्म मी बँकवाल्यांची मिसेस होते," ती फोनवर म्हणाली. "इथं माझं नाव आहे. तुम्हीच या ना इकडे."

गेलो होतो. जुलैत आठ दिवस राहून आलो. हॉलमध्ये दिवाणावर झोपायचं, रुचिरचे मित्र आले की उठून बसायचं. एकदा खाली दुकानात मी म्हटलं, "चायपत्ती खतम झाली, पाव किलो देऊन द्या." दुकानदार हसला. ते मी सहन केलं. पण शेजारी रुचिर उभा होता. तो जिन्यात हळूच म्हणाला, "बाबा, इथं असं नाही बोलत." ह्याच मराठीत मी त्याला पाढे शिकवले होते. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो.

आता मुखवट्यांचं. आमच्या महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदात तीन दिवस येणाऱ्या दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्याकडे दोघींचे पितळी मुखवटे आहेत. वडील वाईहून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले तेव्हा आईनं ते लुगड्यात गुंडाळून आणले. ज्या घरी मुखवटे, त्या घरी सगळ्यांनी जमायचं, एवढाच आमच्यातला नियम. मुंबई असो, मद्रास असो, माणूस सुटी काढून येतो. मुखवटे इथं, म्हणजे ती तिघं येणार. हिशोब साफ होता.

फोन आपटल्यावर अर्ध्या तासानं सुलूचा फोन आला.

"पोरावर कशाला ओरडलात?"

"त्यानं देवीचं पार्सल करायला सांगितलं."

"सासूबाईंनी वाईहून आणल्या तेव्हा रेल्वेच्या डब्यातूनच आणल्या ना? तेव्हा चाललं देवीला?"

"आई स्वतः बरोबर आली होती."

"मग तुम्ही स्वतः बरोबर या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच पुढे बोलली.

"रुचिरला सुटी नाही. सायलीची नोकरी नवीन, तिला तर विचारायचीही सोय नाही. आणि मी एकटी आले तर इथं डबे कोण करणार?"

"तीन दिवस बाहेरचं खातील."

"यज्ञेश्वर," ती म्हणाली. ती मला नावानं कधी हाक मारत नाही. पुण्यात शिकली असणार. "तुम्ही देवीला ओलीस धरलंय."

"इथंच बसणार महालक्ष्म्या. ज्याला दर्शन हवं त्यानं यावं."

"बसवणार कोण? साडी नेसवता येते का तुम्हाला?"

"शिकेन."

"शिका," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं आपटला नाही, सावकाश ठेवला.

देवीला नेसवायच्या रेशमी साड्या ती घेऊन गेली होती. मी भैरवगढला जाऊन छापाच्या दोन सुती साड्या आणल्या. लोखंडी स्टँड माळ्यावरून काढले, घासले. देवीला साडी नेसवणं हे बाईचं काम आहे असं म्हणतात. खोटं. ते अभियंत्याचं काम आहे. निऱ्या एकीकडून धरल्या की दुसरीकडून सुटायच्या. सुलू हे दरवर्षी तोंडात पिना धरून, मधेच मला चहा हवा का विचारत करायची, आणि मी शेजारी बसून पेपर वाचायचो.

देवी घरात आणायला मात्र सवाष्ण लागते. उंबऱ्याबाहेरून मुखवटे हातात घेऊन ती आत येते, प्रत्येक खोलीच्या दारात थांबते आणि विचारते, "इथं काय आहे?" घरच्यानं सांगायचं, इथं धान्य आहे, इथं दूधदुभतं आहे, इथं मुलंबाळं आहेत. देवी ते ऐकते आणि तसंच राहू देते. दोन माणसांशिवाय हे होत नाही. एकट्या माणसाच्या घरी देवी येऊ नये अशीच जुन्या लोकांनी सोय करून ठेवलीय.

सवाष्ण शोधायला मी इथल्या मराठी समाजातल्या घरी गेलो. पहिल्या घराला कुलूप, मंडळी इंदूरला मुलीकडे. दुसऱ्या घरच्या काकू दारातच म्हणाल्या, "वहिनी नाहीत, मग सोवळ्याचं कोण बघणार? गडीमाणसाच्या हातचा नैवेद्य आमच्यात चालत नाही हो." मी म्हटलं, "काकू, पंगतीत वाढायला, पातेली उचलायला गडीमाणूस चालतो, तो कसा?" त्यांनी दार लावून घेतलं. ह्याच काकू गणपतीच्या कार्यक्रमात मराठी संस्कृती टिकली पाहिजे म्हणून भाषण करतात.

शेवटी शेजारच्या मंडलोई भाभींना विचारलं. मालव्यातल्या, नवरा मंडीत अडत्या, मराठीशी संबंध एवढाच की सुलूच्या पुरणपोळीला तीस वर्षं नावाजत आल्या.

"भैयाजी, म्हके मराठी नी आवे," त्या हसून म्हणाल्या.

"एकच वाक्य आहे. इथं काय आहे."

"इथं काय आहे," त्यांनी घोकलं. "बस? इतना तो मैं सब्जीवाले से भी पूछती हूँ."

आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी भाभी नवी साडी नेसून आल्या. मी उंबऱ्यावर त्यांच्या पायांवर दूधपाणी घातलं. त्या संकोचून मागे सरकल्या. "अरे भैयाजी, पाँव मत धुलवाओ, पाप लगेगा." मी म्हटलं, भाभी, पाय तुमचे नाहीत, देवीचे आहेत. मग त्या एकदम गंभीर झाल्या. मुखवटे छातीशी धरून आत आल्या. मी ताट वाजवत पुढे.

स्वयंपाकघराशी थांबल्या. "इथं काय आहे?"

"इथं धान्य आहे."

बैठकीत आल्या. "इथं काय आहे?"

"इथं पाहुणेरावळे आहेत," मी म्हटलं. एकही नव्हता, पण हे चालतं. पाहुणा आज नाही तर उद्या येतो.

मग पोरांची खोली. दोन पलंग, गाद्या गुंडाळलेल्या. भिंतीवर सायलीच्या आरशाची चौकोनी खूण, आरसा तिनं नेलेला. कोपऱ्यात रुचिरची क्रिकेटची बॅट.

"इथं काय आहे?" भाभींनी विचारलं.

उत्तर मला पाठ होतं. इथं मुलंबाळं आहेत. तीन शब्द. तोंड उघडलं आणि ते आलेच नाहीत. माणसांशी मी आयुष्यभर खोटं बोललो, बँकेत तर पगार घेऊन बोललो. पण समोर पितळेचे चार डोळे होते.

"खाली आहे," मी म्हटलं.

पुण्यात कुणी ऐकलं असतं तर वाकून खाली बघितलं असतं. भाभींना बरोबर कळलं. त्यांच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

"भैयाजी!" त्या दबक्या आवाजात रागावल्या. "देवी के सामने खाली नहीं बोलते. जो बोलोगे वही रह जाएगा."

"तर मग काय बोलू? कबाड़ आहे म्हणू?"

"बोलो, आनेवाले हैं."

मी बोललो. "येणार आहेत." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. भाभींनी पदरानं डोळे पुसले. त्यांचेही दोघे इंदूरला होते.

दुसऱ्या दिवशी पूजा आणि जेवण. पुरण पातळ झालं, पोळ्या फाटल्या, पण नैवेद्य झाला. भाभींना सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं. त्यांनी फाटकी पोळी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "वाह, इसमें से तो आपका चेहरा दिख रहा है." मी कित्येक महिन्यांनी हसलो असेन.

तेवढ्यात फोन वाजला. सुलूच होती. मी आधीच सुरू झालो. "बसल्या. दोघी. साड्या मी नेसवल्या, निऱ्या एकसारख्या आहेत. पुरण पण केलं. दिवाळीला या, मग सांगतो सगळं."

"छान केलंत," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, तेच वाईट. मग म्हणाली, "आमच्याकडेही बसल्या."

"काय बसल्या?"

"महालक्ष्म्या. सायली तुळशीबागेतून नवे मुखवटे घेऊन आली. शाडूचे आहेत, रंगवलेले. पापण्यासुद्धा आहेत. कालच बसवल्या. इमारतीतल्या बायका आल्या होत्या, रुचिरही अर्धा दिवस घरी राहिला."

मागे कुणीतरी हसत होतं. भांडी वाजत होती. एक लहान पोर रडत होतं, पाळणाघरातलं असेल.

"तुम्हाला राग येईल म्हणून आधी बोलले नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडून काही मागून घ्यायचं नाही असं पोरांचं ठरलं. म्हणाली, बाबांचे बाबांपाशी राहू देत."

"बरं," मी म्हटलं.

"रागावलात?"

"नाही. वरणात मीठ जास्त झालंय, तेवढं बघतो." असं म्हणून फोन ठेवला.

भाभी जेवून, हात धुऊन उभ्या होत्या. "सब ठीक?"

"हो. वहाँ भी आ गई."

"कौन? भाभीजी आ रही हैं?"

"नहीं. देवी."

त्यांना कळलं नाही, आणि समजावण्याची माझ्यात ताकद नव्हती. मी त्यांची ओटी भरली. त्यांनी विचारलं, अगले साल भी बुलाओगे ना? मी म्हटलं, बघू. त्या गेल्या.

दिवेलागणीला आरतीची वेळ झाली. आरती टाळता येत नाही. उजव्या हातात निरांजन, डाव्या हातात घंटा. टाळ्यांना हात उरला नाही. आमच्या घरात माणसं जमली की टाळ्यांनीच आरती चढायची. सायली मुद्दाम चुकीच्या तालात वाजवायची आणि रुचिर तिला कोपरानं ढकलायचा. मी सुरुवात केली. पहिल्या कडव्याला आवाज बरा लागला. दुसऱ्याचे शब्द मला येतात असं मी आजवर समजत होतो. ते सुलूला यायचे, मी तिच्यामागून ओढत न्यायचो. मी थांबलो. घंटा हलवत राहिलो. देवींच्या साड्यांच्या निऱ्या खरंच एकसारख्या पडल्या होत्या. मग मी पुन्हा पहिलंच कडवं म्हणायला घेतलं.