थंड गावची झडप

मित्रांनो, पारनेरच्या माळावर बाभळीखाली गंजत उभा असलेला हा जुना ट्रॅक्टर मूळचा इथला नाही. माझा जन्म रोमानिया नावाच्या दूर देशात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहानशा ऐतिहासिक गावाजवळच्या ट्रॅक्टर कारखान्यात झाला. गावाच्या माथ्यावर दगडी किल्ला होता. खाली लाल कौलांची घरं होती आणि जाड भिंतींचं एक चर्च. पूर्वी शत्रू आला की सगळं गाव त्या भिंतींआड लपायचं, असं कारखान्यातले कामगार सांगत.

तिथला हिवाळा फार कडक. बर्फ पडू लागला की लोक खिडक्यांच्या लाकडी झडपा लावून घेत. माझ्या रेडिएटरपुढेही त्यांनी तशीच एक लोखंडी झडप बसवली. इंजिन फार गार असलं तर डिझेल नीट जळत नाही. झडप लावली की थंड वारा अडतो आणि इंजिन लवकर तापतं. तापलं की ती उघडायची, एवढंच.

पुढे जहाजानं मी मुंबईला आणि तिथून पारनेर तालुक्यात आलो. इथल्या उन्हात झडपेचं काही कामच नव्हतं. माझा चालक अजिनाथ ती कायम उघडी ठेवायचा. का, ते त्याला माहीत होतं. पण त्याला कोणी विचारलं नाही. मुरमाड रानात दुसरे ट्रॅक्टर अडले की लोक म्हणत, "रोमानियाला बोलवा! तो मागं सरायचा न्हाई." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

अजिनाथ वारला. मी त्याची बायको मनकर्णा हिच्याकडे राहिलो. तिचा दीर भागवत मला चालवू लागला. यंदा पाऊस रुसला होता. हस्त नक्षत्रात एकच चांगली सर आली. त्या ओलीवर चार दिवसांत ज्वारी पेरली, तरच मनकर्णाच्या घरात भाकरी आणि तिच्या दोन गाईंना कडबा. मध्येच दसरा आला. तिनं मला धुतलं, कुंकू लावलं, झेंडूचा भलामोठा हार घातला आणि संध्याकाळी हाराखाली हात घालून झडप ओढून घेतली.

भागवत हसला. "वहिनी, हे आनि काय?"

"शेजारती झाल्यावर देवळाचं दार लावत्यात का न्हाई? राबून राबून दमलाय त्यो. झोपू दे."

"सकाळी पेरायची पाभर वढायचीय त्याला, ध्यानात हाय ना?"

"हाय रे. तूच येळंवर ऊठ म्हंजी झालं."

सकाळी भागवत झडप विसरला. हाराआडून ती दिसतही नव्हती. माझा तापमानाचा काटा तर कधीचाच बंद पडलेला. मी ओढू लागलो. वारा आत येईना. पाणी उकळलं, वाफ निघाली. "एवढा पट्टा उरकू," भागवत म्हणाला. तो पट्टा उरकलाच नाही. आतून मोठा खडखडाट झाला आणि मी जागच्या जागी थांबलो.

पारनेरहून फक्रुद्दीन मिस्त्री आले. त्यांनी हार बाजूला केला.

"हे कोणी लावलं, मनकर्णाताई?"

"मीच. का वो भाऊ?"

"इथूनच वारा घेतो ना तो."

मनकर्णानं झडपेवर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी मी त्याचं नाकच दाबलं म्हना की."

माझ्या इंजिनचं हेड तडकलं होतं, पिस्टन जाम झाले होते. मिस्त्रींनी नगरच्या जुन्या बाजारात फोन केले. माझे सुटे भाग कुठेच नव्हते. मी ज्या कारखान्यात घडलो, तोही बंद झाल्याचं कोणीतरी सांगितलं.

गावातले सगळे ट्रॅक्टर ज्याच्या त्याच्या पेरणीला जुंपलेले. दुसरा ट्रॅक्टर मिळायची मनकर्णाची पाळी आली तोवर चार दिवस उलटले होते आणि उन्हानं ओल आटली होती. तिनं माती उकरून मुठीत दाबली. मूठ उघडताच माती बोटांमधून सांडली.

"नको पेरू, भागवता," ती म्हणाली. "बी तरी ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, धुणं, पुसणं, हार घालणं ही माया आहे, पण ती पुरत नाही. कोणता भाग कशासाठी आहे हे समजून घेणं, हीच खरी काळजी. तुमच्या घरी कोणी यंत्र चालवत असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारा. मनकर्णाच्या मायेत काहीच उणं नव्हतं. तरीही यंदा तिच्या रानात ज्वारी नाही.