उलट्या लवेची अठरा जॅकेटं

जॅकेट खुंटीला अडकवून धाकट्या जावेने त्यावरचे दोऱ्याचे बारीक तुकडे झाडायला पुढच्या भागावरून हात फिरवला. उजव्या बाजूवरून तळवा मऊसूत खाली घसरला. डाव्या बाजूवर मात्र अडला, मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसा.

तिने दुसरं घेतलं. तेही तसंच. तिसरं घेऊन ती खिडकीपाशी गेली. ट्यूबलाइटखाली एकसारखं हिरवं दिसणारं ते मखमली जॅकेट खिडकीच्या उजेडात चक्क दोन रंगांचं झालं. एक बाजू हिरवीगार, दुसरी जवळजवळ काळी.

"ताई," ती सावकाश म्हणाली, "कापडाचा दुसरा थर कापताना माझा आखणीचा कागद अंथरला होता ना?"

थोरली जाऊ खाली बसून शेवटच्या जॅकेटला बटणं लावत होती. "अंथरला की. पण काय तुझा तो कागद, सगळे तुकडे एकाच दिशेला उभे, शाळेतल्या रांगेसारखे. मधलं सगळं कापड वाया. मी निम्मे उलटे फिरवून एकमेकांत बसवले. चांगलं दोन हात कापड वाचवलं. तुला सांगायचंच राहिलं बघ."

तिच्या आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं, आणि धाकटीला तेच सोसवेना.

तसं पाहिलं तर थोरलीचं काय चुकलं? तीस वर्षं तिने घरातल्या लहानथोरांचे कपडे बेतले होते. एका पडद्यात तीन फ्रॉक बसवणारी म्हणून तिची ख्याती होती. साध्या सुती कापडाला वर-खाली नसतं. मखमलीला लव असते, आणि ती एकाच दिशेने झुकते, हे ठाऊक असायला मखमल कापलेली असावी लागते. धाकटीने कागदावर प्रत्येक तुकड्यावर बाण काढले होते. बाण कशासाठी, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. ती नोकरी करायची त्या कपड्यांच्या कारखान्यात ते सांगावं लागत नसे.

पहिला थर तिच्या देखत कापला होता, म्हणून ती बारा जॅकेटं नीट होती. धाकटी लेबलं आणायला गेली तेव्हा दुसरा थर कापला गेला. त्यातली ही अठरा. पुढे चार दिवस दोघींनी मान वर न करता शिवलं. तपासनीस म्हणून अकरा वर्षं नोकरी केलेल्या बाईने आपलाच माल उजेडात धरून पाहिला नव्हता.

तिने थोरलीचा हात धरून जॅकेटवरून फिरवला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. थोरलीने सुई बाहीत टोचून ठेवली आणि चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"बाई किती वाजता यायच्यात?"

"तीनला."

सव्वा वाजला होता. वाचलेल्या कापडात चार-पाच जॅकेटांचे पुढचे भाग निघाले असते. पण उसवायचं, कापायचं, पुन्हा शिवायचं, हे पावणेदोन तासांत होणं शक्य नव्हतं.

आणि बाई म्हणजे काही साध्या गिऱ्हाईक नव्हत्या. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानाची खरेदी त्यांच्या हातात होती. हंगामाला दुकानातली कपडे टांगायची एकच दांडी त्या नव्या नावाला देत. यंदा ती 'दोघी जावा' या नावाला द्यायची की नाही, ते तीस जॅकेटं पाहून आज ठरणार होतं. नाही म्हणाल्या की पुढचं वर्ष. तोवर धाकटीला कारखान्यात परत जाऊन दुसऱ्यांच्या नावाच्या कॉलरी तपासाव्या लागल्या असत्या.

आतून थोरले दीर इस्त्रीची वाफ कमी करून डोकावले. "काय झालं? दोघी गप्प? नाव सार्थ करायचा विचार आहे का?"

"तुम्ही वाफ बघा," थोरली म्हणाली. ते निमूट आत गेले.

मग तिने आवाज खाली आणला. "हे बघ. ती बारा पुढे लाव. मागे ही. खिडकीचा पडदा ओढून घेऊ. बाई काय तीसच्या तीस घालून बघणारेत होय? दोन-तीन चाचपतील. बाकीची घरोघर गेली की कोण कुणाला विचारतंय."

"घालणारी उन्हात जाईलच ना, ताई."

"तेव्हाचं तेव्हा."

धाकटीने बारा जॅकेटं दांडीवर पुढे लावली, अठरा मागे. पडदा मात्र तिने ओढला नाही आणि पूर्ण उघडलाही नाही. असं अर्धवट वागताना तिची तिलाच लाज वाटत होती.

बाई अडीचलाच आल्या. पाणी नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या. दांडीवरचं पहिलं जॅकेट काढून त्यांनी शिवण आतून पाहिली, खांदा ओढून पाहिला, स्वतः घातलं. आरशासमोर वळल्या.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कापणी कुणाची?"

"ताईंची," धाकटी म्हणाली.

"बाकीची सगळी अशीच?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. धाकटीने तोंड उघडलं, पण आवाज आला तो थोरलीचा.

"नाहीत. मागची अठरा मी उलटी कापलीत. हिने बरोबर आखून दिलं होतं. मला वाटलं, मला जास्त कळतं."

बाईंनी मागचं एक ओढून काढलं, खिडकीशी नेलं, पडदा सारला. लवेवरून तळवा फिरवून पाहिला. आतली वाफसुद्धा थांबली होती.

"मी तीस सांगितली होती," त्या अखेर म्हणाल्या. "बारा नेते. पण तुमचं लेबल काढा. आमचं लावू. निम्मासुद्धा माल न देणाऱ्या नावाला मी दांडी कशी देऊ?"

थोरलीने लगेच टाके उसवायची कात्री उचलली. धाकटीने तिचं मनगट धरलं.

"लेबल राहील," ती म्हणाली. "नेणार असाल तर नावासकट न्या. ही अठरा मी या नावाने कुणालाच देणार नाही, तुम्हालाही नाही आणि स्वस्तातही नाही. नाव फक्त चोख मालावर लागेल, म्हणून तर त्या बारांवर राहू द्या."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. बारा जॅकेटांची मापं एकदा पाहिली.

"दांडी नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "काउंटरच्या बाजूला कपडे अडकवायचे आकडे आहेत, तिथे लावीन. पंधरा दिवस. गेली तर बोलू. नाही गेली तर परत आणून देणार नाही, तुम्ही येऊन घेऊन जायचं."

"चालेल."

जिन्यावरून त्यांची पावलं उतरून गेल्यावर थोरली अठरातलं पहिलं जॅकेट मांडीवर घेऊन बसली आणि डावी बाजू उसवू लागली. खालीच बघत तिने विचारलं, "रागावलीस?"

"हो," धाकटी म्हणाली. तिच्याजवळ बसत तिने दुसरं जॅकेट ओढलं. "खांद्याकडून उसवा. बाहीला धक्का लावू नका."