आधी सैल, मग घट्ट

मोआबच्या वाळवंटातल्या खडकांवर पिकअप चालवायची, तर दारांखालचा पत्रा वाचवायला जाड लोखंडी दांडे हवेतच. जोलीनने ते मागवले आणि शनिवारी सकाळी घरासमोरच बसवायला घेतले. मदतीला तिचे वडील डेलबर्ट आले. चाळीस वर्षं खाणीतली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, सोबत आलेला सूचनांचा कागद कशाला वाचतोय!

जॅकवर दांडा टेकवून त्यांनी गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याला, चॅसीला, पहिले दोन बोल्ट करकचून आवळले. तिसरा मात्र भोकात शिरेना.

"भोकं चुकीची पाडलीत लेकाच्यांनी! ड्रिल आण."

"बाबा, आधी सगळे बोल्ट सैल लावायचे, मग आवळायचे. मघाशी दोनदा सांगितलं तुम्हाला."

"मला वाटलं, नुसती बडबडतेयस."

जोलीन हसतच गाडीखाली सरकली आणि तिने दोन्ही बोल्ट ढिले केले. दांडा जरासा सरकला, तसा तिसरा बोल्ट आपसूक आत गेला. मग तिने सगळे ओळीने आवळले. डेलबर्टनी दांड्यावर चढून चार उड्या मारल्या. गाडी डुलली, पण दांडा हलला नाही.

"दुसरी बाजू तूच कर," ते म्हणाले आणि पाने पुसून तिच्या हातात देऊ लागले.