जे मोजलंच नाही

मी बोलतोय, तपासणी केंद्रातला एमआरआयचा पांढरा बोगदा. माझी ठकठक ऐकून भलेभले डोळे घट्ट मिटून घेतात. आज जरा माझं बोलणंही ऐका.

नवा होतो तेव्हा एका डोक्याला अर्धा तास घ्यायचो, पण कण न् कण मोजायचो. बाहेर रांग वाढली की बोल मात्र मलाच. मग माझ्या जोडीला एक प्रोग्राम बसवला. मी थोडंच मोजायचं, उरलेलं त्यानं अंदाजानं भरायचं. हजारो डोक्यांची चित्रं पाहून तो तयार झालेला. पण लबाड नव्हता हो तो! दर वेळी एकाच डोक्याची चार-पाच चित्रं काढायचा. ती जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे आपली खात्री नाही, हे सांगायची त्याची ती रीत.

सगळी चित्रं पाठवली की डॉक्टर वैतागत. म्हणून मला चालवणाऱ्या ताई त्यातलं सुबक तेवढं ठेवत, बाकीची पुसून टाकत. केंद्रात सगळेच तसं करत.

एकदा त्यांनी आपल्या धाकट्या भावाला आणलं. डोकेदुखीनं बेजार, त्यात बंद जागेची धास्ती.

"ताई, मला नाही जमायचं."

"पाच मिनिटं डोळे मिटून पड. मी आहे ना काचेपलीकडे."

चित्रं आली. बाकी सगळी स्वच्छ, एकात मात्र कानामागे डाळीएवढा डाग. हा हलला असणार, असं पुटपुटत ताईंनी ते पुसलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. ताईंनी ठेवलेलं सुबक चित्र पाहून डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. भाऊ हसत घरी गेला.

काही महिन्यांनी त्याला स्ट्रेचरवरून आणलं. या खेपेला ताईंनी मला पुरता अर्धा तास दिला. गाठ लिंबाएवढी झाली होती. सुरुवातीला दिसली असती तर काढता आली असती, असं डॉक्टर हळहळून म्हणाले.

भाऊ गेला. ताई आता सगळी चित्रं पाठवतात, कोणी कितीही वैतागो. माझंही मागणं तेवढंच आहे. घाई असेल तर खुशाल थोडं मोजा, पण जे मोजलं नाही तिथे माहीत नाही म्हणायला लाजू नका.

परवा ताईंची भावजय, त्या भावाची बायको, त्याचे कागद न्यायला आली होती. माझ्याकडे बघत तिनं ताईंचा हात धरला.

"तुम्ही होतात म्हणून त्यांची तपासणी तरी वेळेवर झाली, ताई."

ताईंनी मान हलवून कागद पुढे केले; पुसलेल्या चित्राचा त्यांत कुठेच उल्लेख नव्हता.