मजला आला का?

शालिनीबाईंनी कूलरचं तोंड पलंगाकडून वळवून टेबलाखालच्या कंप्यूटरकडे केलं, तेव्हा पलंगावर बनियनवर पडलेल्या बाळरावांनी एक डोळा उघडला.

"म्हणजे मी आता माणसांतून उठलो."

"तुम्हाला घाम येतो. त्याला येत नाही," शालिनीबाई म्हणाल्या आणि कूलरमध्ये आणखी एक बादली ओतली.

मे महिन्यातल्या शनिवारची सकाळ होती. मयूर विहारच्या गच्च्यांवर असं ऊन पडलं होतं की कबुतरंसुद्धा टाकीच्या सावलीत शिस्तीत रांग लावून उभी होती, आणि एकाने उगाच पुढे घुसायला पाहिलं तर बाकीची त्याला टोचून मागे पाठवत होती. घरात एसी होता, पण एसी आणि कंप्यूटर एकदम लावले की जिन्याखालचा एमसीबी पडून वीज जायची. तेव्हा आज एसी बंद. बाळराव कृषी मंत्रालयातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं दुष्काळाच्या फायली हाताळलेल्या माणसाला उकाडा तो काय, असं शालिनीबाईंचं मत होतं. बाळरावांचं वेगळं होतं, पण ते विचारलं गेलं नाही.

भानगड शुक्रवारची होती. शालिनीबाई नोएडातल्या एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत होत्या. लिफ्टच्या डोक्यात जी चिप असते तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायच्या. बावीस वर्षं. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. ग्रेटर नोएडातल्या एका टॉवरची लिफ्ट महिन्याभरात तीनदा मजल्याच्या वीतभर वरच थांबली. पहिल्या दोन वेळा लोकांनी उड्या मारल्या आणि गेले. तिसऱ्या वेळी आत नवरदेव होता, आणि दार उघडेना. फेट्यासकट, तलवारीसकट, दोन आत्यांसकट नवरदेव नवव्या मजल्याच्या वीतभर वर दीड तास उभा. खाली बँडवाल्यांना थांबा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. ते तीच एक धून वाजवत राहिले, आणि शेवटी क्लॅरिनेटवाल्याला चक्कर आली म्हणे. मुहूर्त टळला. नवरीच्या मामाने कंपनीला फोन करून जे शब्द वापरले, त्यातला एकही कंपनीच्या उत्तरात छापता आला नाही.

मग मीटिंग. शालिनीबाईंचा साहेब धवल पारख, वय चौतीस, पुण्याचा, शर्टाची घडी कधी मोडत नसे. त्याने टेबलावरून एक कागद पुढे सरकवला होता. 'लिफ्टच्या प्रोग्रॅममधील निष्काळजीपणाबद्दल' असं वर लिहिलेलं.

"प्रोग्रॅम तुमचा आहे, मॅडम. सही करा, विषय संपेल."

"माझा प्रोग्रॅम बरोबर आहे. कंपायलर चुकतोय."

खोलीत कोणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं ते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा आकड्यांत उतरवून देतो तो कंपायलर. तो जगभरातल्या हजारो लोकांनी घासूनपुसून ठेवलेला असतो. तो चुकतो असं म्हणणं म्हणजे गणित न सुटल्यावर पाढेच चुकीचे आहेत म्हणण्यासारखं.

"पहिल्या वर्षाची पोरं म्हणतात हे, यार," धवल म्हणाला, मग सावरून, "म्हणजे, मॅडम. सोमवारी अकरापर्यंत विचार करा."

सही नाही तर नोकरी नाही, असं तो म्हणाला नाही. त्याने फक्त पेनाला टोपण लावलं. संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या मोठ्या मशीनवरची शालिनीबाईंची परवानगी काढून घेतलेली होती. पण लॉकडाऊनमध्ये कंपनीनेच घरी पाठवलेला एक कंप्यूटर टेबलाखाली होता. तो परत न्यायला कोणी आलं नव्हतं, आणि त्याच्यात कंपनीने आपल्या चिपसाठी फेरफार केलेल्या कंपायलरची सगळी मूळ संहिता होती, पहिल्या दिवसापासूनच्या इतिहासासकट.

"नवा कंपायलर बांधणार? एकटीने?" बाळरावांनी आता दुसराही डोळा उघडला.

"नवा नाही. आहे तोच. पण पहारेकऱ्यांसकट."

हे पहारेकरी असे. कंपायलरच्या पोटात जागोजागी वाक्यं पेरलेली असतात: इथे अमुक असलंच पाहिजे, नसेल तर थांब आणि ओरड. त्यांच्यामुळे काम संथ होतं म्हणून कंपनीने आठ वर्षांपूर्वी कंपायलर बांधताना त्यांना वगळलं होतं. तेव्हा बांधलेलाच आजवर सगळे वापरत होते. चालतोय ना, मग हात लावू नका. ही त्या ऑफिसातली सगळ्यात कडक शिस्त होती. साहेब बदलले, चहावाले बदलले, ही बदलली नाही.

शालिनीबाईंनी आधी सीमेक चालवलं. ते हत्यार स्वतः काही बांधत नाही. ते मशीनमध्ये हिंडून पाहतं, काय आहे काय नाही विचारतं, आणि त्या मशीनला झेपेल असा बांधकामाचा आराखडा लिहून देतं. विंडोज असो नाहीतर लिनक्स, त्याला सारखंच. आराखडा मागताना शालिनीबाईंनी एकच कळ फिरवली: पहारेकरी ठेव. पडद्यावर ओळी धावल्या. मग खरं बांधकाम सुरू झालं. सहा हजार तुकडे. कंप्यूटरच्या पंख्याने असा सूर धरला की खालच्या मजल्यावरची पार्वती जिना चढून दारात आली.

"आंटी, मिक्सर चल रहा है क्या? दो घंटे से?"

"हां बेटा, थोडा और पीसना है," शालिनीबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पाच हजार नऊशे तुकडे झाले आणि कंप्यूटर गोठला. माऊस हलेना. शेवटी बटण दाबून बंद करावा लागला. तयार तुकडे एकमेकांना जोडायच्या वेळी मशीनने चार जोडण्या एकदम हाती घेतल्या होत्या, आणि त्यातली एकेक जोडणी सगळी मेमरी एकटीच मागत होती.

बाळराव पलंगावरून उठून मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरचं त्यांना काही कळत नव्हतं; बायकोची मान मात्र कळत होती.

"आमच्याकडे चार फायली एकदम सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवल्या की एकही हलायची नाही," ते म्हणाले. "एक ठेवायची. तो सही करेपर्यंत समोरून हलायचं नाही."

शालिनीबाईंनी वळून पाहिलं. मग पुन्हा सीमेककडे जाऊन त्यांनी आराखड्यात लिहिलं: जोडणी एका वेळी एकच.

"हसू नका," त्या म्हणाल्या.

"मी कुठे हसतोय?"

रविवारी दुपारी जेवणाआधी कंपायलर बांधून झाला. शालिनीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि आपला लिफ्टचा प्रोग्रॅम त्याच्यापुढे ठेवला. तीन सेकंद झाले. चौथ्या सेकंदाला पहारेकरी ओरडला. फाइलीचं नाव, ओळीचा क्रमांक, सगळं. कंपायलर जागच्या जागी आडवा.

"मेलं का काही?" बाळराव स्वयंपाकघरातून म्हणाले.

"मेलं नाही. सापडलं."

त्यांनी ती ओळ उघडली. लिफ्टचा प्रोग्रॅम मजल्यावरच्या सेन्सरला दोनदा विचारतो: मजला आला का? एकदा वेग कमी करण्याआधी, एकदा ब्रेक लावण्याआधी. मधल्या क्षणात उत्तर बदलू शकतं, म्हणून तर दोनदा. पण कंपायलरमधल्या या ओळीला वाटत होतं की एकदा विचारलेलं परत कशाला विचारायचं. ती दुसरा प्रश्न गुपचूप काढून टाकत होती आणि पहिलंच उत्तर तिथे चिकटवत होती. बहुतेक वेळा उत्तर तेच असायचं. कधीतरी नसायचं, आणि तेव्हा नवरदेव अडकायचा.

बाळराव हातात कोशिंबिरीचं भांडं घेऊन आले. "म्हणजे तू बरोबर होतीस."

"हो."

"मग तो धवल्या आता काय म्हणतो बघू. लिहिली कोणी ही ओळ?"

ते सांगणारी आज्ञा असते. शालिनीबाईंनी ती दिली. उत्तर आलं: ओळ, तारीख, नाव. आठ वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. त्या वेळी चिप लहान होती, जागा पुरत नव्हती, आणि काही बाइट वाचवले म्हणून ऑफिसात टाळ्या वाजल्या होत्या. पेढेही आले होते.

शालिनीबाईंनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा घातला. नाव तेच राहिलं.

बाळरावांनी वाकून वाचलं. इंग्रजी अक्षरांतलं उकिडवे हे आडनाव त्यांना लांबूनही ओळखू आलं असतं. छत्तीस वर्षं त्यांच्याच दाराच्या पाटीवर होतं. त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं.

"मग आता करून टाक सही," ते हळूच म्हणाले. "चूक प्रोग्रॅमची म्हण नाहीतर या ओळीची, लिहिणारी तूच. उगाच दुसरा कागद कशाला? आणि ही ओळ... ती कोणी बघायला जाणार आहे का?"

"धवलच्या कागदावर सही केली तर ते माझा प्रोग्रॅम बदलतील. दोनदाच्या जागी तीनदा विचारतील, कसंतरी जुळवतील. एक टॉवर सुटेल. हा कंपायलर मात्र तसाच राहील."

"आणि?"

"बाकीचे प्रोग्रॅम याच्यातूनच गेलेत. माझे नाहीत ते सुद्धा."

बाळरावांनी खुर्ची ओढली. "चौदा महिने, शालू."

"माहीत आहे."

"तो धवल तुला सोपं करून देतोय. लहानशी चूक. लोक विसरतील."

"ती मी केलेलीच नाही," शालिनीबाई म्हणाल्या. "जेवायला वाढा. मग मला यादी काढायची आहे."

सोमवारी अकराला सात मिनिटं असताना शालिनीबाई ऑफिसात अकराव्या मजल्यावरच्या धवलच्या खोलीत आल्या. चेहरा लाल, ब्लाउज पाठीला चिकटलेला, श्वास लागलेला.

"अरे मॅडम, बसा, बसा. पाणी घ्या." धवलने एसी दोन अंशांनी खाली आणला. मेट्रोत काही झालं का, हेही विचारलं. माणूस वाईट नव्हता. कागद तिथेच होता, शेजारी पेन, टोपण काढून ठेवलेलं.

शालिनीबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी पिशवीतून आपले दोन कागद काढून त्याच्या कागदावर ठेवले.

धवलने पहिला वाचला. एकदा भराभर, मग सावकाश. मग त्याच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू आलं, सुटका झाल्यासारखं.

"हे तर तुमचंच नाव आहे."

"हो."

"मग वाद कशाचा होता? शुक्रवारीच म्हणालो होतो मी. करा सही आणि मोकळ्या व्हा."

"तुमच्या कागदावर लिहिलंय, माझा लिफ्टचा प्रोग्रॅम चुकला. तो चुकलेला नाही."

"मॅडम, चूक तुमचीच ना शेवटी?"

"माझीच. पण ही." त्यांनी आपल्या कागदावर बोट ठेवलं. "त्यावर सही करून आणली आहे. ती घ्या."

धवलने दुसरा कागद उलटला. त्यावर टॉवरांची यादी होती, त्या कंपायलरमधून गेलेल्या सगळ्या लिफ्टांची. नोएडा, इंदिरापुरम, गुडगाव, द्वारका. एकेचाळीस नावं.

"हे वर गेलं तर काय होईल, कळतंय तुम्हाला?" त्याचा आवाज खाली आला. "एकेचाळीस ठिकाणी लिफ्ट बंद कराव्या लागतील. या उन्हात. लोक आपल्याला... मॅडम, बी प्रॅक्टिकल. मी तुम्हाला एक लहान चूक देतोय. ती घ्या. चौदा महिने आरामात काढा. ही कंपायलरची ओळ मी स्वतः, हळूहळू, कोणाला न कळता बदलून घेतो. प्रॉमिस."

"हळूहळू म्हणजे किती?"

धवलने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"तुमची लहान चूक मला नको," शालिनीबाई म्हणाल्या. "मी मोठी केली आहे. ती माझी आहे, मी घेऊन जाणार. नोकरी जायची तर तिच्यापायी जाऊ दे, तुमच्या त्या निष्काळजीपणापायी नको. आणि ही यादी नऊ वाजता सर्व्हिस विभागाला मेल केली आहे. तुमच्या वरच्या यशोधन सरांनाही."

"विचारल्याशिवाय?"

"विचारत बसले असते तर सोमवार असाच गेला असता."

धवलने यादी पुन्हा हातात घेतली. आता तो ती वाचत होता, नुसती मोजत नव्हता. बोट एकेका नावावरून खाली येत गेलं. शेवटच्या नावावर थांबलं. ते नाव तो सहा वर्षं रोज सकाळी खालच्या फाटकावर पास दाखवताना वाचत होता.

त्याने शालिनीबाईंच्या लाल चेहऱ्याकडे पाहिलं. पाठीला चिकटलेल्या ब्लाउजकडे.

टेबलावरचा फोन वाजला. अठराव्या मजल्यावरून यशोधन सर बोलत होते. हे काय आहे, ताबडतोब वर या, दोघंही. बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होते. धवलने "येस सर" म्हटलं, फोन ठेवला, आणि टेबलावरचे तिन्ही कागद गोळा केले. शर्टाची घडी हाताने सारखी केली. दोघं बाहेर आले. पॅसेजमध्ये त्याने सवयीने बटण दाबलं.

लिफ्ट लगेच आली. दार उघडलं. आत दिवा होता, आरसा होता, आणि लिफ्टची फरशी पॅसेजच्या फरशीशी अगदी समतल होती. एक पोरगी कानात इयरफोन घालून आत उभी होती; येताय का, म्हणून ती पाहत राहिली.

"आप जाइए," धवल तिला म्हणाला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, हात आडवा घालून त्याने दार अडवलं. "नहीं, बाहर आ जाइए. लिफ्ट बंद है."

पोरगीने चालू लिफ्टकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि बाहेर आली. दार आपोआप बंद झालं.

धवल उभाच होता. त्याने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, त्या सहा वर्षांच्या ओळखीच्या पॅसेजमध्ये.

"मॅडम," तो म्हणाला, "जिना कुठल्या बाजूला आहे?"