एका खेपेला एकच त्रुटी

आमच्या कार्यालयाच्या सूचनाफलकावर सध्या माझा फोटो लागला आहे. खाली लिहिलंय, ‘सहामाहीतील सर्वोत्कृष्ट कर्मचारी’. फोटोतली ती बाई हसते आहे. तिच्या एक थोबाडीत द्यावी असं मला रोज वाटतं.

पेन्शन विभागात कारकून म्हणून मला सत्तावीस वर्षं झाली. नोकरीत असताना कुणी वारलं की त्याच्या घरच्यांचा अर्ज आमच्याकडे येतो. एखादा कागद कमी असला तर मी स्वतःच फोन फिरवायचे, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्डमधून काढून आणायचे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना आणखी हेलपाटे कशाला? उपकार वगैरे काही नाही, हाताला तसंच वळण होतं.

मग वरून नवी पद्धत आली. पगारवाढ कामगिरीवर! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनीच ती आखली असणार. अर्ज मंजूर केला की एक गुण. त्रुटी काढून परत पाठवला तरी एक गुण, कारण टेबल मोकळं झालं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्याला आम्ही फटाफट म्हणतो. त्याला यातली मेख पहिल्याच दिवशी कळली. चार कागद कमी असले तरी तो एकच सांगायचा. माणूस तो घेऊन आला की दुसरा. चार खेपांचे चार गुण आणि मंजुरीचा पाचवा. पहिल्या सहामाहीत तो सगळ्यांच्या वर होता आणि मी सगळ्यांच्या खाली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“बाई, तुमचं काम चोख आहे, मी नाही म्हणतच नाही. पण चोखपणाला फॉर्ममध्ये रकाना नाही.”

“मग घाला ना साहेब.”

“माझ्या हातात असतं तर घातला नसता का? हे बघा, पुन्हा शेवटच्या आलात तर पगारवाढ जाईलच, वर बदली होईल. तीही पार लांबच्या गोदामात. घरी कोण असतं तुमच्या?”

घरी नवरा असतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला उठवायला, बसवायला, भरवायला मीच लागते. साहेबांना हे ठाऊक होतं. तरी विचारलं.

त्याच आठवड्यात एक मावशी अर्ज घेऊन आली. तिचा नवरा रस्ते झाडण्याच्या कामावर असतानाच वारला होता. अर्जाला तीन कागद कमी होते. त्यातला एक तर आमच्याच तिसऱ्या मजल्यावर. मी उठण्यासाठी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. मग ते लांबचं गोदाम आठवलं आणि खुर्ची पुन्हा पुढे ओढून घेतली.

“मावशी, त्यांच्या शेवटच्या पगाराचा दाखला आणा.”

“एवढंच ना ताई?”

“एवढंच.”

दहा दिवसांनी ती दाखला घेऊन आली. मी तिला बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि दुसरा कागद सांगितला. तिसऱ्या खेपेला तिसऱ्या मजल्यावरचा मागितला. तो शोधायला बिचारी आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालायला लावणारी मी. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तिथे तिने सुतळी बांधली होती. मला लाज वाटली. लाज वाटल्याने गुण मात्र कापले जात नाहीत. आणि मावशी काही एकटी नव्हती, त्या सहामाहीत तशा कितीतरी माणसांना मी फिरवलं.

एकदा नवऱ्याला भरवता भरवता सांगून टाकलं. त्याचं बोलणं आता अडखळतं, पण तेवढं नीट आलं.

“तिला... सगळं... एकदम सांग.”

“आणि तुझं कोण करेल? ती मावशी?” मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याने पुढचा घास घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

चौथ्या खेपेला अर्ज मंजूर केला. मंजुरीनंतर अर्जदाराचा अभिप्राय घ्यायचा असतो, त्याचे गुण वेगळे. मावशीला लिहिता-वाचता येत नाही. शिपायाने वाचून दाखवलं आणि तिने प्रत्येक प्रश्नाला ‘उत्तम’वर अंगठा उठवला. त्याला म्हणाली, “बाकीचे अंगावर येतात रे. ताई कधी आवाज चढवत नाहीत. दर वेळी पाणी देतात.” गोड बोलून फिरवलेल्या माणसांच्या अशा अभिप्रायांवरच मी फटाफटच्या पुढे गेले.

काल मावशी पुन्हा आली. बरोबर तिची जाऊ होती, तिचाही नवरा नोकरीत असतानाच गेलेला. तिचा अर्ज फटाफटने दोनदा परत पाठवला होता.

“ताई, हिचा अर्ज तुमच्या टेबलावर घ्या ना. तुम्ही माणसाला माणसासारखं वागवता.”

“घ्या की ताई,” फटाफट मान खाली घालून हसत म्हणाला, “माझी काही ना नाही.”

मी अर्ज घेतला. दोघींना बसवलं, पाणी दिलं. कागद चाळले. दोन कमी होते. जाऊ माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मावशी तिला कोपराने ढोसत होती, बघ, म्हटलं नव्हतं?

मी एकच सांगितला.