हाका चालू असताना

अनंत साताऱ्यातल्या वकिलाचा मुलगा, आणि बिनतारी यंत्राचं त्याला वेड होतं. महायुद्धाची लढाई संपून बिनतारीचे परवाने पुन्हा मिळायला लागले, तसा हा पठ्ठ्या यंत्राची पेटी पाठीला मारून डोंगर तुडवायला लागला. झाडाला तार बांधायची, कानांवर हेडफोन चढवायचे आणि टकटक करत परमुलखातल्या माणसाशी बोलायचं. शिकारीचा नादही त्याला जडला होता, आणि तो लावला पाटणच्या जोतीरामने. पलटणीत सिग्नलचं काम करून आलेला हा गडी अनंताला यंत्राच्या खाचाखोचाही शिकवायचा.

त्या दिवशी अनंताला भाला देऊन खिंडीच्या तोंडाशी बसवताना आणि स्वतः बंदूक घेऊन वरच्या चढावर जाताना जोतीरामने बजावलं, "सायेब, हाका उठला की कानाला काय बी लावायचं न्हाई. माजी पाठ तुमच्याकडं हाय. डुक्कर दिसलं की आरडा, मी फिरून बार टाकतो."

"हो रे बाबा," अनंत म्हणाला.

जनावर उठवायला खाली हाकेवाल्यांचे डबे वाजू लागले. तासभर काहीच हललं नाही. अनंताचे हात शिवशिवायला लागले आणि त्याने घटकाभरच म्हणून हेडफोन चढवले. नेमका कोलंबोचा एक गडी सापडला. तोही यंत्र घेऊन समुद्रकाठी गळ टाकून बसलेला! अनंत हरखून गेला. "गळाला काय लावलंस?" त्याने विचारलं. "कोळंबी," उत्तर आलं.

शेजारचं गवत वाकलं म्हणून त्याने मान वर केली. डुक्कर त्याला ओलांडून चढावर पोचलंसुद्धा होतं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. सुळ्याने जोतीरामची मांडी जांघेपासून गुडघ्यापर्यंत फाडली. बंदूक न उडताच दगडांत पडली.

अनंत भाला घेऊन धावला. डुक्कर उलटलं, त्याने ते खडकाशी दाबून धरलं आणि भोसकलं. पुन्हा भोसकलं. आतडी बाहेर आली, रक्त तोंडावर उडालं, तरी तो थांबेना. राग सगळा स्वतःचा होता आणि निघत होता त्या जनावरावर.

"सायेब," जोतीराम कण्हला, "त्ये कवाच मेलंय. माज्याकडं बघा."

अनंताने जोतीरामच्याच पटक्याने त्याची मांडी आवळली. रक्त काही थांबेना. धापा टाकत जोतीरामचा भाऊ आकाराम आणि हाकेवाले येऊन पोचले.

"सायेब आरडलं आसतील रं," जोतीराम भावाला म्हणाला. "माजंच कान मेलं. तोफांनी खाल्लं भडव्यांना."

अनंताने पटक्याची गाठ आणखी आवळली. थोड्या वेळाने जोतीराम गेला.

दिवस मावळता मावळता सरण पेटलं. जोतीरामच्या घरी परतल्यावर आकारामने डुकराचं मुंडकं आणून अनंतापुढे ठेवलं. "घाव तुमचा, मान तुमचा. रीत हाय."

जोतीरामची बायको चंद्राबाई भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "त्यास्नी कमीच ऐकू यायचं. तुमी तरी किती आरडनार?"

"मी ओरडलोच नाही," अनंत म्हणाला. "हाका चालू असताना मी कोलंबोच्या माणसाशी माशांच्या गप्पा मारत होतो."

आकारामच्या पहिल्याच ठोशाने त्याचा दात पडला. दुसऱ्याने तो मुंडक्यावर कोसळला. मग लाथा. अनंताने हात वर केला नाही.

"भावजी, ऱ्हाऊ द्या," चंद्राबाई म्हणाली. "सोताच्या कानास्नी शिव्या देत गेलं त्ये. आता त्यास्नी कोन सांगायचं?"